उतारवयातील सांभाळ : खर्च आणि तरतूद
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वैयावृत्त्य, म्हणजे वृद्ध, ग्लान आणि थकलेल्यांची सेवा, हिला जैन परंपरेने सहा अंतरंग तपांमध्ये स्थान दिले आहे. सेवाभावाची उणीव समाजात आजही नाही. उणीव आहे ती घरात असणाऱ्या हातांची. एक मुलगा पुण्यास, दुसरा बेंगळुरूस, कन्या सासरी, सूनबाई नोकरीत; आणि वडिलोपार्जित वाड्यात एकट्या आजी, असे चित्र सांगली-कोल्हापूरकडील गावांपासून सोलापूर-लातूरपर्यंत सर्वत्र दिसते. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती आणि महाराष्ट्रात हे प्रमाण लोकसंख्येच्या दहा टक्क्यांच्या जवळ पोहोचले होते. त्यानंतर ते वाढलेच आहे. म्हणून प्रस्तुत विषय भावनेचा असला तरी तो वहीखात्यात मांडून पाहणे आवश्यक आहे. व्यापारी समाजाला ही रीत परकी नाही.

प्रथम शब्दांचा घोळ दूर केला पाहिजे. 'वृद्धाश्रम' या एकाच शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. पुण्यासारख्या शहरात ज्येष्ठांसाठी स्वतंत्र गृहवसाहती आहेत. तेथे सदनिका विकत वा भाड्याने घ्यावयाची, भोजनगृह सामाईक, मात्र राहणारा स्वतःचे स्वतः करणारा असावा लागतो. दुसरा प्रकार धर्मादाय वृद्धाश्रमांचा. तेथेही बहुतेक ठिकाणी प्रवेशाच्या वेळी चालते-फिरते असणे ही अट असते. तिसरा प्रकार 'असिस्टेड लिव्हिंग'चा, म्हणजे अंघोळ घालणे, कपडे बदलणे, वेळेवर औषध देणे, उठवणे-बसवणे यांसाठी माणूस अहोरात्र उपलब्ध असलेले निवासस्थान. घराण्यांना खरी गरज पडते ती या तिसऱ्याची, आणि चौकशी मात्र पहिल्या दोहोंची केली जाते. आई खुबा मोडून अंथरुणाला खिळते तेव्हा समजते की ज्या आश्रमात नाव नोंदविले होते तेथे अशा रुग्णांना ठेवून घेतच नाहीत.

आता खर्चाचे पाहू. उदाहरणादाखल अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी धराव्यात. यजमानांचे किराणा दुकान होते, ते गेले. दुकानदाराला निवृत्तिवेतन नसते, त्यामुळे आजींनाही काही नाही. गावातील घराची किंमत साठ लाख रुपये. न्हाणीघरात पाय घसरल्यापासून त्यांना एकटीने राहता येत नाही. मुलांनी घरीच बाई ठेवण्याचे ठरविले. ब्युरोकडून येणाऱ्या मावशींचे बारा तासांचे सातशे रुपये धरले, तर दिवस-रात्र मिळून चौदाशे, महिन्याचे बेचाळीस हजार. त्यात शिधा, वीज, डॉक्टर, औषधे आणि मावशी न आल्याच्या दिवशी मुलाने टाकलेली रजा यांचा हिशेब नाही. चांगल्या निवासी केंद्राने महिन्याला चाळीस हजार घेतले, तर ते महाग वाटते. परंतु घरचा खर्च कोणी बेरीज करून पाहिलेला नसतो.

निवासी केंद्राचा आकडाही नीट वाचला पाहिजे. जाहिरातीतला दर बहुधा खोली आणि भोजनाचा असतो. डायपर, फिजिओथेरपी, स्वतंत्र परिचारिका, रुग्णालयात नेताना सोबत जाणारा माणूस, यांचे पैसे वेगळे. अनामत किती, त्यातली परत मिळणारी किती आणि केव्हा. दरवर्षी दर किती टक्क्यांनी वाढणार. स्मृतिभ्रंश झाल्यास ठेवून घेणार की नाही, हे लेखी मागावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि कंदमुळाविना स्वयंपाक हवा असेल तर तोही करारात घालून घ्यावा. तोंडी होकारावर चौविहार पाळणाऱ्या आजींना सायंकाळी आठ वाजता ताट येते आणि त्या उपाशी निजतात. वजन घटल्यावर ही गोष्ट मुलांच्या कानी येते.

पैसा कोठून आणावयाचा, या प्रश्नाला पहिले उत्तर मिळते ते आरोग्य विम्याचे. ते चुकीचे आहे. भारतातील आरोग्य विम्याच्या प्रमाणित वगळणुकींत, स्नान-वस्त्र-हालचाल यांसाठी लागणारी वैयक्तिक शुश्रूषा, ती घरी असो वा केंद्रात, स्पष्टपणे वगळलेली आहे. विमा रुग्णालयाचे बिल भरतो, मावशींचा पगार देत नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांवरील सर्वांना उत्पन्नाची अट न घालता आयुष्मान भारत योजनेत आणले गेले. कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतचे हे संरक्षण मोलाचे आहे आणि कार्ड अवश्य काढून घ्यावे. पण तेही रुग्णालयातील उपचारांपुरतेच. या दोन्हींचा उपयोग एवढाच की आजारपणात पुंजी वितळत नाही.

दुसरा मार्ग बचतीचा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची कमाल मर्यादा २०२३ च्या एप्रिलपासून पंधरा लाखांवरून तीस लाख झाली, आणि तेव्हा तिचा दर ८.२ टक्के ठरला. दराचा फेरविचार दर तिमाहीस होतो, परंतु खाते उघडताना असलेला दर पाच वर्षे टिकतो. तीस लाखांवर ८.२ टक्क्यांनी तिमाही व्याज ६१,५०० रुपये, म्हणजे महिन्याला २०,५०० पडते. पती-पत्नी दोघेही साठीपुढचे असतील तर दोघांची दोन खाती होऊ शकतात. या खात्यात सहखातेदार केवळ पती वा पत्नी असू शकते, मुलगा नाही, हे पुष्कळांना खाते उघडताना कळते.

आजींचे घर विकले आणि साठ लाख हाती आले असे समजू. तीस लाख या योजनेत, उरलेले तीस बँकेच्या ठेवीत सात टक्क्यांनी. महिन्याला २०,५०० अधिक १७,५००, एकूण अडतीस हजार. चाळीस हजारांच्या जवळ आले म्हणून कुटुंब निश्चिंत होते. येथेच गफलत आहे. व्याज तेवढेच राहते आणि केंद्राचा दर वाढतो. दरवर्षी सात टक्के वाढ धरली तर आजचे चाळीस हजार पाच वर्षांनी छप्पन्न हजार आणि दहा वर्षांनी अठ्ठ्याहत्तर हजारांच्या पुढे जातात. केवळ व्याजावर हा गाडा चालत नाही.

आणि येथे समाजाच्या मनातला एक जुना संस्कार आडवा येतो : मुद्दलाला हात लावावयाचा नाही. पेढी चालविताना तो उत्तम होता. परंतु ऐंशीच्या घरातल्या स्त्रीने मुद्दल राखून ठेवावयाचे ते कोणासाठी? हिशेब सरळ आहे. पैसा सात टक्क्यांनी वाढत असेल आणि खर्चही सात टक्क्यांनीच वाढत असेल, तर साठ लाखांना वर्षाच्या चार लाख ऐंशी हजारांनी भागावे. उत्तर साडेबारा वर्षे येते. म्हणजे मुद्दल हळूहळू वापरले तर आजींच्या वयाच्या नव्वदीपर्यंतची सोय त्यांच्याच पैशात होते आणि कोणाही मुलापुढे हात पसरावा लागत नाही. मुलांना वारसा कमी मिळेल हे खरे. पण बापाने जोडलेले घर आईच्या सेवेस लागले, यात वावगे काय?

घर न विकता पैसा उभा करण्याचा मार्ग म्हणून 'रिव्हर्स मॉर्टगेज'चे नाव घेतले जाते. नॅशनल हाउसिंग बँकेने त्याची मार्गदर्शक तत्त्वे २००७ मध्ये केली. साठ वर्षांवरील घरमालकास राहत्या घराच्या तारणावर बँक ठरावीक काळ हप्ते देते, हयातीत परतफेड नसते, त्या रकमेवर प्राप्तिकर नाही, आणि पश्चात वारस कर्ज फेडून घर सोडवू शकतात वा विक्रीतून उरलेली रक्कम घेऊ शकतात. योजना चांगली असूनही ती रुजली नाही. घर गहाण टाकणे ही आपत्ती, असे मानणाऱ्या समाजात ते स्वाभाविक होते. मात्र तिच्यातील एक अट फारशी सांगितली जात नाही. कर्जदार सलग एक वर्ष त्या घरात राहिला नाही तर कर्ज वसुलीस पात्र ठरते. म्हणून हा मार्ग घरी राहून मावशी ठेवणाऱ्यांच्या कामाचा आहे. केंद्रात कायमचे जाणाऱ्याच्या नव्हे.

याहून अधिक हानी होते ती बक्षीसपत्राने. महाराष्ट्रात राहते घर मुला-मुलींना, नातवंडांना वा पती-पत्नीस बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे दोनशे रुपये आहे, स्थानिक अधिभार तेवढा निराळा. एवढ्या स्वस्तात होते म्हणून वडील घाईने घर मुलाच्या नावे करून मोकळे होतात, आणि पुढे उतारवयातील सांभाळासाठी विकावयास त्यांच्याकडे काही उरत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांचे पालनपोषण व कल्याण अधिनियम, २००७ याच्या तेविसाव्या कलमाने, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता सांभाळ न झाल्यास परत मिळविता येते. परंतु ती अट सिद्ध व्हावी लागते. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने असे बजावले. २०२५ च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने ज्येष्ठांच्या बाजूने उदार अर्थ लावावा असेही म्हटले. न्यायालयांच्या उदारतेवर विसंबण्यापेक्षा अट दस्तातच लिहावी, किंवा त्याहून बरे, बक्षीसपत्र न करता मृत्युपत्र करावे. मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता येते.

याच अधिनियमाखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्चासाठी अर्ज करता येतो. स्वतः येणे अशक्य असल्यास अधिकार दिलेल्या संस्थेमार्फतही. मूळ कायद्यात कमाल रक्कम महिना दहा हजार आहे. वरील चाळीस हजारांपुढे ती तुटपुंजी आहे, हे न सांगितलेले बरे. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ जैनांनाही लागू असून त्यात वृद्ध आई-वडिलांच्या पोषणाची जबाबदारी मुलाइतकीच मुलीवरही आहे. भाऊ-बहिणींनी वर्गणीचे ठरविताना हे लक्षात ठेवावे. एकाने घरी ठेवावयाचे, दुसऱ्याने पैसे द्यावयाचे, असे वाटप झाले तर ते कागदावर असावे. न्यायालयासाठी नव्हे, तर दिवाळीच्या पंगतीत वाद होऊ नये म्हणून.

एक अडचण अशी की पैसा असतो आणि हाताशी नसतो. वडिलांनी मुलाला कुलमुखत्यारपत्र दिलेले असते. पण देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की भारतीय करार अधिनियमाच्या २०१ व्या कलमानुसार ते अधिकार संपतात. म्हणजे गरज लागते त्याच क्षणी कागद निरुपयोगी होतो आणि पालक नेमून घेण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागते. शुद्धीत असतानाच बँकेतील काही ठेवी 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशा संयुक्त नावे कराव्यात आणि मुदतपूर्व मोडण्याची सूचनाही त्याच वेळी लिहून द्यावी. दहा मिनिटांचे काम आहे.

हे सारे घर असणाऱ्यांचे झाले. समाज सधन आहे ही समजूत बाहेरच्यांची आहे तशी आतल्यांचीही आहे. परंतु पेढीवर हयात घालविलेले दिवाणजी, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या निपुत्रिक विधवा, अर्ध्या एकरावर जगणारे शेतकरी हेही याच समाजाचे. वीसपेक्षा कमी नोकर असलेल्या दुकानाला भविष्यनिर्वाह निधी सक्तीचा नसल्याने दिवाणजींना निवृत्तिवेतन नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना दीड हजार रुपये २०२३ पासून मिळू लागले, तेही कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्यास. दीड हजारांत मावशींचे दोन दिवस निघतात.

येथे न्यासांचे काम सुरू होते. वृद्धनिवास बांधावयाचा म्हटले की दाते पुढे येतात, कारण भिंतीवर शिला बसते. इमारत उभी राहते आणि तिसऱ्या वर्षी परिचारिका मिळत नाहीत म्हणून वरचा मजला बंद होतो. कायद्याने थोडी सवलत दिली आहे : आयकर कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठ वर्षांवरील निवासींकडून भोजन-निवास-देखभालीसह महिना पंचवीस हजारांपर्यंत घेतलेल्या शुल्कावर वस्तू व सेवा कर नाही. पण पगाराचा प्रश्न सवलतीने सुटत नाही.

दहा परावलंबी ज्येष्ठांसाठी तीन पाळ्यांत प्रत्येकी दोन आणि साप्ताहिक सुटीची एक बदली, अशा सात मावशी लागतात. प्रत्येकीस पंधरा हजार धरले तर महिन्याला एक लाख पाच हजार, वर्षाला बारा लाख साठ हजार. सात टक्के व्याजाने हे उभे करावयास एक कोटी ऐंशी लाखांचा ध्रुवफंड हवा. आकडा डोळे फिरविणारा आहे खरा. तरी पांजरपोळांनी आणि जैन बोर्डिंगांनी असे आकडे 'कायम तिथी'च्या रूपाने पूर्वीच पेलले आहेत. कोणी वडिलांच्या पुण्यतिथीस एका दिवसाचा चारा दिला, कोणी आईच्या नावे एका दिवसाचे भोजन. रक्कम एकदाच घेतली आणि व्याजातून ती तिथी दरवर्षी पाळली. मुक्या जनावराच्या चाऱ्यासाठी जे चालले ते मावशींच्या पगारासाठी का चालू नये? एक कोटी ऐंशी लाखांना तीनशे पासष्टांनी भागले तर एका तिथीला पन्नास हजारांच्या आत पडतात. पगार वाढतील तशी तिथीची रक्कमही दर काही वर्षांनी वाढवावी लागेल, आणि जुन्या तिथ्यांच्या कुटुंबांकडे पुरवणी मागावी लागेल. ती बहुधा नाकारली जात नाही. भिंतीवर शिला नसली तरी त्या दिवशीच्या फळ्यावर नाव लिहिता येते.