इच्छामरण, अवयवदान आणि मधली पाच मिनिटं



विषय जाहीर झाल्यावर पुढच्या रांगेतल्या ज्येष्ठांनी एकमेकांकडे पाहिलं, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. घाबरू नका, दारावर कोणी फॉर्म घेऊन उभं नाही.

बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये 2002 साली इच्छामरणाचा कायदा आला. असं मरण स्वीकारणाऱ्या माणसाच्या अवयवांचं दान बेल्जियममध्ये 2005 साली पहिल्यांदा झालं. पुढे कॅनडा आणि स्पेनमध्येही ते सुरू झालं. कॅन्सरच्या रुग्णाचे अवयव सहसा चालत नाहीत. पण मोटर न्यूरॉनसारख्या आजारात हातपाय जातात, गिळणं जातं, तरी मूत्रपिंडं आणि यकृत ठणठणीत असू शकतात. मरणाचा अर्ज आधी स्वतंत्रपणे मंजूर व्हावा लागतो, दानाची गोष्ट नंतर. मरण देणारे डॉक्टर वेगळे, अवयव काढणारे वेगळे. घरच्या खाटेवर डोळे मिटायची इच्छा असली तरी दात्याला त्यासाठी इस्पितळात यावं लागतं. इंजेक्शननंतर हृदय थांबतं आणि पुढची पाच मिनिटं देहाला कोणी हात लावत नाही. मग शस्त्रक्रिया. 2021 अखेरपर्यंत या चार देशांत मिळून असे 286 दाते झाले.

आपल्याकडे हे आणावं का? माझं मत विचाराल तर आज नाही. जिथं म्हाताऱ्या माणसाला आपण घरावर ओझं आहोत असं उठता-बसता वाटतं, तिथं 'निदान कोणाच्या उपयोगी तरी पडेन' हा विचार मरणाकडे ढकलू शकतो. त्या देशांनी दोन निर्णयांमध्ये भिंत घातली ती याच धाकानं.

अन्न-औषध सोडून जाणाऱ्याला मात्र आपल्याकडे जुना मान आहे. आपल्या खानदेशात, धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली गीता सांगणाऱ्या विनोबांनी 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला तेच केलं. पण ज्याला बोलता येत नाही, त्याचं काय? हा प्रश्न अरुणा शानबाग यांनी देशापुढे ठेवला, खरं तर त्यांच्या अंथरुणानं. 27 नोव्हेंबर 1973 ला मुंबईच्या केईएममध्ये या परिचारिकेवर हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 18 मे 2015 ला न्यूमोनियानं गेल्या, तोवर तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. 7 मार्च 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं त्यांना मरू देण्याची मागणी नाकारली, पण उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली. 2018 साली, उपचार थांबवण्याबद्दल आधीच लिहून ठेवलेल्या इच्छापत्राला मान्यता मिळाली. 2023 साली त्याची अट सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. अरुणाताई मस्तिष्कमृत नव्हत्या, त्यांचा श्वास चालू होता. मस्तिष्कमृत्यू ठरवताना बुबुळावर प्रकाश टाकतात, कानात थंड पाणी सोडतात, शेवटी व्हेंटिलेटर काढून छाती हलते का ते काही मिनिटं डोळ्यांत तेल घालून पाहतात. चार डॉक्टर, सहा तासांच्या अंतरानं दोनदा. अवयवदानाचा 1994 चा कायदा ज्या राज्यांच्या ठरावांवर उभा राहिला, त्यांत महाराष्ट्र होता. त्या कायद्यात हृदय थांबून आलेला मृत्यूही धरला आहे. पण व्यवहारात आपल्याकडे मरणोत्तर अवयवदान जवळजवळ सगळं मस्तिष्कमृतांचंच होतं. इच्छापत्रानुसार उपचार थांबवलेला रुग्ण हळूहळू जातो, आणि तेवढ्यात त्याचे अवयव निकामी होतात. म्हणजे ज्यानं दोन्ही इच्छा लिहून ठेवल्या, त्याची एकच पुरी होते. कायद्यात जागा असताना हे होतं, याची मला चीड आहे. दोन स्वतंत्र चमू आणि पाच मिनिटांची शिस्त हे तरी त्या देशांकडून घेता येईल.

आता आपल्या चाळीसगावचं बोलू. काढलेलं हृदय चार-पाच तासांत दुसऱ्या छातीत बसावं लागतं. आणि वाटेतला आपला कन्नडचा घाट कधी दरड टाकून बसेल, ते तुम्हाला सांगायला नको! डोळ्यांचं तसं नाही. सहा तासांची मुदत असते, वयाची अट नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. घरच्यांनी पंखा बंद करायचा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवायचा आणि नेत्रपेढीला फोन करायचा.

तेव्हा दोन कागद करा, वेगवेगळे. उपचार थांबवण्याच्या इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेनं त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्या. अवयवदानाचा नमुना 7 भरा आणि मुलांना, सुनांना समोर बसवून वाचून दाखवा. कारण प्रत्यक्ष वेळ आली की डॉक्टर संमती त्यांच्याकडेच मागतात.