गाणे थांबते तेव्हा

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री मी रेडिओ लावून बसलो. धीर यावा म्हणून द्रुत लयीतला तराणा ऐकत होतो. पण छातीतली धडधड काही केल्या थांबेना! आपल्यालाही असा अनुभव असेल. इटलीतील बर्नार्डी यांनी सहकाऱ्यांसह २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २४ जणांना तऱ्हेतऱ्हेचे संगीत ऐकविले. त्यांत आपल्याकडचा रागही होता. लय चढली की श्वास नि नाडी चढे, मग ते संगीत आवडीचे असो वा नसो. गंमत पुढेच आहे. मध्येच २ मिनिटे संगीत बंद केले, तेव्हा नाडी मूळच्याहूनही खाली उतरली. त्या रात्री मी वैतागून रेडिओ बंद केला होता. पहाटे आईने हलविले, "अरे, ऊठ, दवाखान्यात जायचंय ना?" म्हणजे झोप लागली होती तर!