झाकण बंद, काम चालू; आणि लाईट गेली तर?

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, हा काय विषय झाला! लॅपटॉप बाहेरच्या मॉनिटरला जोडायचा, झाकण लावायचं, आणि तरी तो झोपू द्यायचा नाही. एवढंच.

पण आपल्या धाराशिवकडं ही काही हौसेची गोष्ट नाही. कळंब, उमरगा, परंड्यातून पुण्याच्या कंपनीचं काम करणारी पोरं मला माहीत आहेत. एकाच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली. नवी टाकण्यापेक्षा त्यानं एचडीएमआय वायर घेतली आणि घरातल्या टीव्हीला जोडली. दुसऱ्याचं टेबल म्हणजे जुन्या शिलाई मशीनची फळी. मॉनिटर ठेवला की उघड्या लॅपटॉपला जागाच उरत नाही.

झाकण लागलं हे लॅपटॉपला कळतं कसं? बहुतेक लॅपटॉपच्या झाकणात छोटं लोहचुंबक असतं आणि खाली ते ओळखणारा सेन्सर. चुंबक जवळ आलं, की झाकण लागलं असं तो धरून चालतो. (म्हणूनच चुंबकवालं मोबाईल कव्हर नेमक्या जागी ठेवलं, तर उघडा लॅपटॉपही झोपू शकतो. भुताटकी नाही ती.) पुढं काय करायचं हे ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते, आणि ते आपल्याला बदलता येतं.

विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, आणि तिथं 'चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ'. 'प्लग्ड इन'खाली 'डू नथिंग' करा. मॅकला चार्जर, बाहेरचा कीबोर्ड, माऊस आणि स्क्रीन जोडा. झाकण लावलं तरी तो चालू राहतो. उबुंटूसारख्या लिनक्समध्ये दुसरी स्क्रीन जोडलेली असेल तर झाकणाकडं दुर्लक्ष करायचं, हे सहसा आधीच ठरलेलं असतं.

इथपर्यंत कुठल्याही व्हिडिओत सांगतात. आपला खेळ पुढं आहे. लाईट जाते.

लॅपटॉपला बॅटरी आहे, तो तगतो. मॉनिटर नाही तगत. मॅकचा चार्जर मेला, की झाकण बंद असलेला मॅक सरळ झोपतो. लिनक्समध्ये मॉनिटर बंद पडल्यावर स्क्रीनच काढली असं सिस्टीमला वाटलं, तर तोही झोपतो. काही स्क्रीन बंद पडूनही जोडलेल्या दिसतात, त्यामुळं एकाचा लॅपटॉप टिकतो, दुसऱ्याचा नाही. विंडोजमध्ये 'ऑन बॅटरी'चा रकाना वेगळा असतो, आणि काही न केल्यास किती मिनिटांनी झोपायचं तेही बॅटरीवर वेगळं. म्हणजे राऊटर इन्व्हर्टरवर चालू, लॅपटॉपमध्ये ऐंशी टक्के चार्ज, आणि तरी मीटिंगमधून तुम्ही गायब! समोरच्याला वाटणार, गावाकडनं काम करतोय ना, नेट नसणार.

मग बॅटरीवरही 'डू नथिंग' करायचं का? माझं मत, नाही. तसा चालू लॅपटॉप बॅगेत घालून तुम्ही एसटीत बसाल आणि सोलापूर येईपर्यंत त्याची भट्टी झालेली असेल. त्यापेक्षा मॉनिटरच इन्व्हर्टरवर किंवा छोट्या यूपीएसवर घ्या. चार्जरही तिथंच लावा. ते जमत नसेल आणि लॅपटॉपची स्क्रीन धड असेल, तर मीटिंगपुरतं झाकण उघडंच ठेवा. फुटक्या स्क्रीनवाल्याला मात्र बॅटरीचंही सेटिंग बदलावं लागेल. त्यानं बॅगेत घालण्याआधी शट डाऊन करायचं, न चुकता.

आणि उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, त्यात डोक्यावर पत्रे. बऱ्याच लॅपटॉपची थोडी उष्णता कीबोर्डवाटे आणि बिजागरीपाशी बाहेर पडते. झाकण लावलं की ती वाट अडते. लॅपटॉप उभा ठेवायचं स्टँड मिळतं, किंवा खाली दोन लाकडी पट्ट्या घाला. गादीवर तर ठेवूच नका. दिवसभर चार्जरवरच असेल आणि सोय असेल, तर चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबवा. गरम आणि सतत भरलेली बॅटरी लवकर उतरते.

आज एक करून बघा. काम सेव्ह करा, झाकण लावा, एखादं गाणं लावा आणि बोर्डावरनं मॉनिटर अन् चार्जर दोन्ही एकदम बंद करा. दहा-पंधरा मिनिटं थांबा. गाणं थांबलं का, ते मला कळवा. लॅपटॉप कुठला तेही सांगा.