कासच्या पठारावरचे रंग

भाद्रपद-आश्विनात साताऱ्याहून सकाळी निघून कासचे पठार पाहून दिवेलागणीला परतता येते. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा हे रंग तिथे शेजारी शेजारी नांदतात. येवल्याचा विणकर उभे धागे एका रंगाचे, आडवे दुसऱ्या रंगाचे घेतो. म्हणून पैठणी हलली की रंग पालटतो. वारा सुटला की पठारावरही नेमके हेच घडते! गोधडी शिवणाऱ्या भगिनींनी तिथली फुले खुडून आणू नयेत. कोणत्या रंगाशेजारी कोणता खुलतो, एवढेच डोळ्यांत साठवावे. पश्चिम घाटाबरोबर हे पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरले. पण कातळावर माती ती किती! तेरडा तर एका वर्षाचा सोबती. बी धरण्याआधी तो तुडवला गेला, तर पुढल्या भाद्रपदात ती जागा उघडी पडते.