प्रशासकाच्या काळात आपले मत कुठे होते?

(वस्तीगटांच्या कार्यकर्त्या मैत्रिणींसमोर पुण्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



१५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेची निवडणूक झाली. १६५ जागा, त्यातल्या निम्म्या बायकांसाठी राखीव. आता नगरसेविका आल्या आहेत, मग जुने कशाला उगाळायचे, असे मला अलीकडे दोन-तीन ठिकाणी विचारले गेले. म्हणून आधी हिशेब सांगते. त्याआधीचे मतदान फेब्रुवारी २०१७ मध्ये झाले होते. त्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. पुढे जवळजवळ चार वर्षे या शहरात निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता. २०२२ साली अठरा पूर्ण झालेली आपल्या वस्तीतली मुलगी महापालिकेसाठी पहिले मत देईपर्यंत बावीसच्या जवळ पोचली. तिचे लग्न झाले, काहींना मूलही झाले, मत मात्र कोणी विचारले नाही.

घटनेचे २४३-यू कलम सरळ आहे. महापालिकेची मुदत पाच वर्षे, त्याहून जास्त नाही, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची. मग अडले कुठे? ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. मागासलेपणाची नीट माहिती गोळा केल्याशिवाय आरक्षण देता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्यात प्रभागरचना एका सरकारने केली, दुसऱ्याने बदलली. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’चा आदेश आला आणि तारखांवर तारखा पडल्या. शेवटी मे २०२५ मध्ये न्यायालयानेच निवडणुका घ्या म्हणून बजावले. तीही मुदत पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली. ओबीसी आरक्षणामुळे निवडणुका अडल्या, असे सर्रास बोलले जाते. मला ते मान्य नाही. आरक्षणाची मागणी न्याय्यच आहे. माहिती वेळेवर गोळा झाली नाही म्हणून अडले, आणि या काळात बहुतेक सगळे मोठे पक्ष कधी ना कधी सत्तेत होते.

आता या चार वर्षांत कारभार कसा चालला ते पाहा. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतात, स्थायी समिती आणि मुख्य सभा त्यावर भांडते, मग तो मंजूर होतो किंवा अडतो. प्रशासकाच्या काळात मांडणारी खुर्ची तीच आणि मंजुरी देणारीही तीच. २०२३, २०२४ आणि २०२५ चे अर्थसंकल्प असेच झाले. महिला व बालकल्याण समिती राहिली नाही. तिथे भांडणाऱ्या बायका थोड्याच होत्या हे मला माहीत आहे, पण तिथल्या बैठकीला विषयपत्रिका असायची, वर्तमानपत्रात दोन ओळी यायच्या, आणि त्या कात्रणावरून आपण जाब विचारायला जायचो.

आपल्यातल्याच काही जणी म्हणाल्या, बरेच झाले. नगरसेवकाचा माणूस मध्ये नाही, ‘स’ यादीतून प्रत्येक चौकात बाक आणि पाट्या नाहीत, अधिकारी निवेदन घेतो तरी. हे अगदीच खोटे नाही. मीही एका क्षेत्रीय कार्यालयात सार्वजनिक शौचालयाचे दिवे लावून घेण्यासाठी गेले होते. साहेब चांगले होते, काम झाले. चार महिन्यांनी दिवे पुन्हा गेले तेव्हा साहेबांची बदली झालेली. नव्या साहेबांना फाईल सापडेना. त्यांच्यावर रागावून तरी काय करणार? आपल्या मतावर ते आलेले नाहीत, आपल्या मतावर जाणारही नाहीत. चांगला अधिकारी मिळणे हे नशीब झाले. नगरसेविका कामाची नसली तरी तिच्या दारात रिकाम्या हंड्यांचा मोर्चा नेता येतो, पाच वर्षांनी तिला पाडताही येते.

सगळ्यात जास्त भोगले ते नव्याने आलेल्या गावांनी. ३० जून २०२१ ला २३ गावे महापालिकेत घेतली. त्यांच्या ग्रामपंचायती गेल्या, आणि ग्रामपंचायतीत कायद्याने निम्म्या बायका होत्या, हे विसरू नका. सरपंच गेला आणि नगरसेवक साडेचार वर्षे आलाच नाही. नांदेड, किरकटवाडी ही त्यातलीच गावे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या या भागात जीबीएसची साथ आली. पुणे परिसरात दोनशेच्या वर संशयित रुग्ण झाले. शुद्धीकरण प्रकल्पातून न आलेले, विहिरीचे क्लोरिन टाकलेले पाणी तिथे नळाला येत होते. नगरसेवक असता तर साथ आली नसती, असा दावा मी करणार नाही. पण पाण्याबद्दल मुख्य सभेत उभे राहून बोलणारे हक्काचे माणूस त्या गावांना नव्हते. पाणी उकळण्याचा गॅस आणि आजाऱ्याची उस्तवार कोणाच्या वाट्याला आली ते तुम्हाला सांगायला नको.

इथे मला एका दूरच्या देशाची आठवण होते. बेलारूस हा १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून वेगळा झाला. १९९४ पासून तिथे लुकाशेन्को हेच अध्यक्ष आहेत. ऑगस्ट २०२० च्या निवडणुकीत स्वेतलाना तिखानोव्स्काया उभी राहिली, कारण उभे राहायला निघालेल्या तिच्या नवऱ्याला तुरुंगात टाकले होते. आपली घटना बाईसाठी बनलेली नाही, अशा अर्थाचे अध्यक्षांनी जाहीरपणे ऐकवले. तिचे आश्वासन साधे होते: राजकीय कैद्यांना सोडू आणि सहा महिन्यांत खरी निवडणूक घेऊ. सरकारी निकालात त्यांना ऐंशी टक्के आणि तिला दहा टक्के मते दाखवली. लोकांचा विश्वास बसला नाही. पांढरे कपडे घालून, हातात फुले घेऊन बायका रस्त्याच्या कडेने साखळी करून उभ्या राहिल्या. तिला देश सोडावा लागला.

पुण्याची आणि तिथली बरोबरी मी करत नाही. मी हे बोलून संध्याकाळी घरी जाणार आहे. तिथे बोलणाऱ्या तुरुंगात गेल्या. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. तिथे निवडणुकीची तारीख चुकत नाही, जानेवारी २०२५ मध्येही मतदान झाले. विश्वास मोजणीवर नाही. आपल्याकडे मोजणी दूरच, तारीखच चार वर्षे नव्हती. आणि दुसरी, नवऱ्याच्या जागी उभी राहिलेली बाई. आपण तिला ‘डमी’ म्हणून हसतो. वस्तीत तिच्या नवऱ्यालाच नगरसेवक म्हणतात, हेही खरे. पण एकदा निवडून आल्यावर सही तिची लागते, आणि सही तिची असली की प्रश्नही तिलाच विचारता येतो. त्यातून कधीकधी ती स्वतः बोलू लागते. मी अशा दोघी पाहिल्या आहेत.

आत्ताच्या निवडणुकीतही सगळे आलबेल नव्हते. राज्यभरात २९ महापालिकांत साठाहून अधिक उमेदवार बिनविरोध निवडून आले. त्या जागांवर मतदारांना ‘नोटा’चे बटणही मिळाले नाही. बिनविरोध या शब्दाला आपल्याकडे उगाच मान आहे. घरातल्या बाईने तोंड उघडले नाही की ‘आमच्या घरात एकमत आहे’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

तेव्हा आता काय करायचे ते बोलू. क्षेत्रसभेची तरतूद महापालिकांच्या कायद्यात २००९ पासून आहे, पण आपल्यापैकी किती जणींनी क्षेत्रसभा पाहिली? नव्या नगरसेविकांकडे ती मागायची. नव्या गावांच्या पाण्याचे वेळापत्रक लेखी मागायचे. महिला व बालकल्याण समितीच्या प्रत्येक बैठकीची विषयपत्रिका आधी मिळावी, असे पत्र आपण तयार केले आहे. ते घेऊन सोमवारी महापालिकेत जायचे आहे. ज्यांना कामावरून सुट्टी मिळेल त्यांनी चहाच्या वेळी नावे द्यावीत. ज्यांना मिळणार नाही त्यांनी पत्रावर सही करून जावे.