मॉनिटरची हजेरी
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



येत्या ऑक्टोबरात आपल्यातले चौदा जण एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकला निघालेत. ‘तू जाऊन आलायस, तयारीबद्दल चार शब्द सांग,’ असा संयोजकांचा हुकूम आहे. त्यात एक दुरुस्ती करतो. बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि मी तिथं पोचलेलो नाही. लोबुचेहून, म्हणजे सुमारे ४,९०० मीटरवरून, मला खाली आणावं लागलं. ते कसं घडलं ते शेवटी सांगतो. आधी कामाचं.

पहिली गोष्ट, आपण आता साठीला आलोय. डॉक्टरांकडून बीपी, साखर आणि हृदय तपासून घ्या. मग किमान सहा महिने तयारी. आम्ही दर रविवारी पाठीवर सात-आठ किलोची सॅक घेऊन सिंहगड चढायचो. एरवी सोसायटीचे जिने. चढण्याइतकाच उतरण्याचा सराव करा, कारण गुडघे उतरताना बोलतात. विमा काढताना त्यात एवढ्या उंचीवरचा ट्रेक आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का, ते वाचून घ्या.

पण एक लक्षात ठेवा. सिंहगड पाय तयार करतो, रक्त नाही. आपलं कळसूबाईसुद्धा १,६४६ मीटर. लुक्लाला विमानातून उतरता तेव्हाच तुम्ही २,८०० मीटरच्या वर असता. विरळ हवेची सवय इथं राहून होत नाही, ती तिथंच करावी लागते.

भूगोलाच्या बाईंनी वायुभारमापक शिकवला होता, आठवतो? वर गेलं की पारा उतरतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे तेच, सुमारे २१ टक्के. कमी होतो तो दाब. साडेपाच हजार मीटरवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे श्वास पूर्ण घेतला तरी पदरात ऑक्सिजन निम्माच. शरीर यावर तोड काढतं. श्वास वाढतो, लघवी वाढते, सावकाश तांबड्या पेशी वाढतात. मात्र त्याला दिवस द्यावे लागतात, आणि तिथं तालमीचं शरीरही सूट मागू शकत नाही. उलट दमदार माणूस भरभर वर जातो आणि लवकर आजारी पडतो.

म्हणून नियम असा, की तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर रोजचा मुक्काम आदल्या मुक्कामापेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच गावात थांबायचं. नामचे बाजारला (३,४४० मीटर) दोन रात्री, दिंगबोचेला (सुमारे ४,४०० मीटर) दोन रात्री. थांबलेल्या दिवशी लोळायचं नाही. वरच्या टेकाडावर चढून यायचं आणि खाली झोपायचं. भरपूर पाणी, भूक नसली तरी डाळभात, दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद. डायमॉक्स घ्यायची का, किती, ते इथूनच डॉक्टरांना विचारून ठरवा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

आणि वर डोकं दुखलं, मळमळलं, जेवण नकोसं झालं, तर ‘ऊन लागलं असेल’ म्हणू नका. दुसरं कारण सापडेपर्यंत ती उंचीच, असं धरा. त्रास असताना वर जायचं नाही. त्रास वाढला तर खाली यायचं. चालताना तोल गेला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न बघता खाली.

हे सगळं मला २०१९ साली पाठ होतं. आम्ही सहा जण होतो. तुम्हाला माहीतच आहे, शाळेत मी मॉनिटर. तिथंही एक वही केली होती. रोज संध्याकाळी प्रत्येकाला विचारायचो, डोकं? भूक? झोप? आणि लिहून घ्यायचो. शाळेत बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहिताना मी स्वतःचं नाव कधी लिहिलं नाही. इथंही तेच केलं. दिंगबोचेच्या दुसऱ्या रात्री माझं डोकं ठणकत होतं. मी गोळी घेतली आणि माझ्या रकान्यात ‘ठीक’ लिहिलं. सगळ्यांना उपदेश करणारा पहिला कसा पडेल? लाज वाटली, दुसरं काही नाही.

लोबुचेला संध्याकाळी दोनदा उलटी झाली. माझा आठवीपासूनचा बाकमित्र म्हणाला, “चल ऊठ, फरशीच्या या रेषेवर टाचेला बोट लावून चाल.” मी चौथ्या पावलाला भिंतीवर गेलो. तो एवढंच म्हणाला, “वही दे इकडं.” वाचली, मिटली, आणि माझी सॅक भरायला लागला. गाईड बाकीच्यांबरोबर राहिला. एक पोर्टर आणि हा, दोघांनी मला टॉर्चच्या उजेडात खाली आणलं. थुकलाच्या खिंडीत एव्हरेस्टवर गेलेल्यांची दगडी स्मारकं आहेत. त्यांच्यामधून मला धरून नेलं, असं तो सांगतो. मला ते आठवत नाही, आणि तीच भीतीची गोष्ट आहे.

खाली फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे. तिथं ऑक्सिजन आणि इंजेक्शन मिळालं. मेंदूला सूज यायला लागली होती. डॉक्टरांनी विचारलं, डोकं कधीपासून दुखतंय? मी खरं सांगितलं तेव्हा हा शेजारीच उभा होता.

बाकीचे चौघे बेस कॅम्पला जाऊन आले. याला मात्र माझ्याबरोबर परत फिरावं लागलं. आठ महिने सिंहगड चढलेला माणूस, एका मुक्कामावरून. मी माफी मागितली तेव्हा म्हणाला, “बेस कॅम्प कुठं पळून जात नाही. तू मात्र निघाला होतास.” त्यानंतर आजतागायत त्यानं हा विषय काढलेला नाही. म्हणून आज मी काढतोय, सर्वांसमोर. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि मान खाली घालून हसतोय.

या चौदा जणांत तो आहे आणि, डॉक्टरांची परवानगी घेऊन, मीही आहे. माझी एकच विनंती. सात जोड्या करा. रोज संध्याकाळी प्रत्येकानं आपल्या जोडीदाराला विचारायचं, त्याला रेषेवर चालवायचं आणि त्याचा रकाना आपण भरायचा. स्वतःचा रकाना कुणीही स्वतः भरायचा नाही. वही याच्याकडे राहील. मॉनिटर आता तो.