रुग्णशय्येपाशी द्यावयाची परीक्षा
(मंडळाच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात अकोला येथे दिलेले व्याख्यान)



आज ज्यांचा सत्कार झाला त्यांपैकी काही मुली परिचर्येचे शिक्षण घेत आहेत. त्यांना परीक्षेच्या तयारीविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. पुष्कळ वर्षे वॉर्डात आणि नंतर शिकवण्यात घालविल्यामुळे हा विषय मला परका नाही.

सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राचा, म्हणजे आपण ज्यास जी. एन. एम. म्हणतो तो, अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. तो उत्तीर्ण होऊन महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत नाव चढल्यावाचून कोणासही या व्यवसायाचा अधिकार प्राप्त होत नाही. अमेरिकेत जाऊ इच्छिणारीस याशिवाय एनक्लेक्स नावाची परीक्षा असते. तिच्यात कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न पाच तासांच्या अवधीत सोडवावे लागतात. शिवाय एप्रिल २०२३ पासून तिचे स्वरूप बदलून एकाच रुग्णाची हकीगत देऊन तीवर क्रमाने निर्णय विचारू लागले आहेत. परीक्षा येथील असो वा तेथील, आपल्या मुली औषधांची नावे आणि रोगांची लक्षणे मुखोद्गत करतात. परंतु रुग्णाला अंघोळ घालणे, तोंड स्वच्छ करणे, कूस बदलणे, भरविणे, मलमूत्राची व्यवस्था पाहणे हा भाग 'यात काय शिकायचे?' म्हणून बाजूस सारतात.

शय्याव्रणाचेच उदाहरण घ्या. अंथरुणास खिळलेल्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी, हे प्रत्येकीस पाठ असते. पण कोठे पाहावे? माकडहाड, टाचा, नितंबांच्या बाजू, कोपर, खांद्याची हाडे आणि डोक्याची मागील बाजू. तेथे लाली दिसली तर बोटाने दाबावे. दाबूनही ती पांढुरकी होत नसेल तर आतील इजा सुरू झाली असे समजावे. पूर्वी अशा जागी स्पिरिट लावून चोळीत असत. ती पद्धत आता त्याज्य ठरली आहे, कारण चोळल्याने आतील नाजूक भाग अधिकच दुखावतो. मोठ्या भगिनींच्या जुन्या वह्यांतून अभ्यास करणाऱ्या मुलींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आणखी एक गोष्ट पुस्तकात क्वचितच ठळकपणे सांगितलेली असते. चित्रातील लाली गोऱ्या कातडीवरची असते; आपल्या शेतकरी-मजुराच्या उन्हाने रापलेल्या सावळ्या पाठीवर ती तशी दिसत नाही. तेथे हाताने पाहावे लागते : शेजारच्या त्वचेपेक्षा ती जागा उष्ण वा गार, कठीण वा भुसभुशीत लागते काय? हे ज्ञान वाचून येत नाही. त्यासाठी पाठीवर हात ठेवावाच लागतो.

आपल्याकडील उन्हाळा हीही एक शाळाच आहे. वैशाखात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा रुग्णाने किती पाणी घेतले व किती लघवी झाली, याचा तक्ता केवळ भरावयाचा म्हणून भरणारी आणि समजून भरणारी यांतील अंतर उघडे पडते. प्रौढ रुग्णाची लघवी तासाला ३० मिलिलिटरच्या खाली गेली तर ते वरिष्ठांस तत्काळ कळविले पाहिजे. परीक्षेत हाच आकडा निरनिराळ्या वेषांत पुढे येतो.

प्रात्यक्षिकात गुण जातात ते बहुधा अज्ञानामुळे नव्हे. हात धुणे, रुग्णाची ओळख पटविणे, काय करणार ते त्याला सांगणे, पडदा ओढणे या गोष्टी घाईत राहून जातात. डोळे प्रथम, साबणाविना, नाकाकडील कोपऱ्यातून बाहेर पुसावेत, हे तोंडाने सांगणारी मुलगी हाताने मात्र उलट करते. अर्धांगवायू झालेल्यास बसते करून निकोप बाजूने घास द्यावा. काठी निकोप बाजूच्या हातात द्यावी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. घरात एखादे वृद्ध असतील तर त्यांना जिना उतरताना नुसते पाहिले तरी हे कायमचे ध्यानात राहील.

भाषेची अडचण मी लहान मानीत नाही. पातूर, बाळापूर, अकोटकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलीस उत्तरपत्रिका इंग्रजीत लिहावी लागते आणि रुग्ण तर म्हणतो, "बाई, मले गरगरून राह्यलं, छातीत धडधड करून राह्यलं." माझा अनुभव असा की, वहीच्या डाव्या अंगास रुग्णाचे शब्द जसेच्या तसे आणि उजवीकडे पुस्तकी संज्ञा, असे रोज पाच शब्द लिहिणारी मुलगी वर्षअखेर इंग्रजीस भीत नाही. उलट, मोठ्या शहरातून आलेल्या मुलीस ही डावी बाजू ठाऊकच नसते!

आता थोडे पालकांशी बोलते. राग मानू नये. एका मुलीने पहिल्या आठवड्यातच भांडे उचलावयाचे काम आले म्हणून घरी निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी काका न्यावयास हजर! "आपल्या घराण्यात ही कामे नाहीत," असे ते म्हणाले. ती गेली, परत आली नाही. तिची पाठांतरशक्ती उत्तम होती. याच मंडळाच्या वधूवर-सूचीत परिचारिका असलेल्या मुलीपुढे केवळ 'नोकरी : शासकीय' असे छापून येते. मुलगी ज्या कामाची परीक्षा देत आहे त्याचे नाव घरचेच चारचौघांत लपवितात, तर ती ते काम मन लावून शिकेल कशी? पुण्यास १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी एका आजारी मुलास पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्याच साथीने त्यांचा अंत झाला. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये सुरू केलेल्या पुणे सेवासदनातून मुली परिचर्या शिकू लागल्या, तेव्हाही लोकांनी नावे ठेविलीच. आणि दूर कशास जावे? आपल्या शेजारी अमरावतीस, तपोवनात, डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांच्या सेवेत आयुष्य वेचिले. ही नावे आपण जयंतीस आदराने घेतो. पुढील सूचीत 'परिचारिका' हा शब्द पूर्ण छापावा, अशी माझी चिटणीसांस विनंती आहे.

राहता राहिला सरावाचा प्रश्न. मंडळाच्या कार्यालयातील मागची खोली रविवारी सकाळी रिकामी असते. तेथे एक खाट, गादी, चार चादरी आणि दोन घमेली यांची सोय करण्याचे अध्यक्षांनी मान्य केले आहे. मुलींनी आळीपाळीने रुग्ण व्हावे. दुसऱ्याच्या हाताने कूस बदलली जाताना काय वाटते, हेही कळेल. मी दर रविवारी आठ वाजता येईन. येताना प्रत्येकीने सेकंदकाटा असलेले घड्याळ आणावे, कारण नाडी अनियमित असेल तर ती पुरी एक मिनिट मोजावी लागते.